हातातली लेझर वेल्डिंग गन घ्यायची म्हणताय? चौदा महिने वापरून झाल्यावरचं सगळं लिहितोय (मोठं आहे, सवडीने वाचा)

पत्राकाम_भोसरी:

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी इथंच विचारलं होतं की आर्गन वेल्डिंगच्या (टिग, म्हणजे आर्गन वायूच्या आवरणात आर्कने जोडणं) जागी लेझरची गन घ्यावी का, तेव्हा दोघा-तिघांनी सांगितलं होतं की घेतलीस तर अनुभव नक्की लिही. उशीर झालाय पण आता हातात सांगण्यासारखं काहीतरी आहे म्हणून लिहायला बसलो.

आमचं काम हॉटेलच्या किचनचं. सिंक, वर्क टेबल, बेन मारी (जेवण गरम ठेवायचं टेबल), एक्झॉस्ट हूड, सगळं ३०४ च्या स्टेनलेस पत्र्यात, जास्त करून १६ आणि १८ गेज (साधारण १.६ आणि १.२ मिमी जाड). भोसरी एमआयडीसीत शेड आहे, माणसं नऊ. आर्गनवर सिंकचा कोपरा मारला की पत्रा शेकतो, लाटा येतात, मग लाकडी हातोड्याने ठोकत बसा, ग्राइंडर मारा, बफिंग करा, पिकलिंग पेस्ट लावून काळेपणा काढा. वेल्डिंगला जितका वेळ त्याच्या दुप्पट वेळ वेल्डिंग लपवायला जायचा आणि हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल.

तर १५०० वॅटची फायबर लेझर गन घेतली, वॉटर चिलरवाली, वायर फीडरसकट. सिंगल फेजवर चालते, मशीन आणि चिलर मिळून सहा-सात किलोवॅटचा लोड धरा. १८ गेजच्या पत्र्यात आर्गनवर आमचा माणूस मिनिटाला दहा-पंधरा सेंटीमीटर जायचा, इथं तोच साठ-सत्तर सेंटीमीटर आरामात जातो, आणि मुख्य म्हणजे पत्रा सरळ राहतो कारण उष्णता पसरायला वेळच मिळत नाही. वेल्ड झाल्या झाल्या दोन इंचांवर हात ठेवता येतो. बफिंगचा खर्च निम्म्याच्या खाली आला. हे सगळं खरंय, विकणारे जे सांगतात त्यातलं एवढं शंभर टक्के खरंय.

जे सांगत नाहीत ते आता लिहितो.

पहिलं म्हणजे फट. आर्गनवाला माणूस दीड मिलीमीटरची फटसुद्धा वायर घालून भरून काढतो, लेझरचा ठिपका असतो केसाएवढा, गन तो डावीकडे-उजवीकडे हलवते, त्याला वॉबल म्हणतात, आम्ही अडीच-तीन मिमी ठेवतो, पण तरीसुद्धा पातळ पत्र्यात पाव मिलीमीटरच्या वर फट गेली की प्रकाश त्यातून आरपार जातो नाहीतर भोक पाडतो. म्हणजे शिअरिंगवर (पत्रा कापायच्या कात्रीच्या मशीनवर) कापलेला, कडेला बर म्हणजे खरखरीत धार राहिलेला पत्रा आणि एक डिग्री चुकलेलं बेंडिंग चालत नाही. मला शेवटी कटिंग लेझरवर बाहेर द्यावं लागलं आणि प्रेस ब्रेकची (पत्रा वाकवायच्या मशीनची) डाय बदलावी लागली, तो खर्च कोटेशनमध्ये कुठंच नव्हता.

दुसरं म्हणजे डोळे, आणि खरं सांगायचं तर हा धागा मी त्याच्यासाठीच काढलाय. डेमो द्यायला आलेला माणूस साधा काळा गॉगल लावून आला होता, आमच्या पोरांना म्हणाला, त्या लाल ठिपक्याकडे बघू नका बस. आता तो लाल ठिपका म्हणजे नुसता निशाणा धरायचा पॉइंटर. कापणारा, वितळवणारा किरण १०८० नॅनोमीटरचा, तो डोळ्याला दिसतच नाही. आणि गनला एक क्लॅम्प असतो जो जॉबला, म्हणजे जोडायच्या पत्र्याला, लावायचा, नोझल म्हणजे गनचं टोक जॉबला टेकलं की सर्किट पूर्ण होतं आणि तेव्हाच किरण सुटतो. सर्व्हिसला आलेल्या एका माणसाने 'सारखं कट होतंय' म्हणून तो क्लॅम्प सरळ नोझललाच बांधून ठेवला. दुसऱ्या दिवशी आमच्या हेल्परने गन उचलताना ट्रिगर दाबला गेला आणि पाच फुटांवरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून धूर निघाला. तिथं माणूस असता तर? तिथं रोज आमचा पोऱ्या बसून डबा खातो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं सांगतो.

*

अंबडकर:

उत्तम धागा. नाशिकला आमचं इलेक्ट्रिकल पॅनेलचं काम आहे, सीआरसीए (साधा कोल्ड रोल्ड लोखंडी) पत्रा आणि थोडा जीआय (जस्त चढवलेला). लेझर घ्यायच्या विचारात आहे, कोटेशनं येऊन पडलीत. जीआयवर चालतं का? आणि गॉगल कुठला घेतला ते सांगा.

*

पत्राकाम_भोसरी:

सीआरसीएवर छानच, पावडर कोटिंगच्या आधी ग्राइंडिंग जवळपास नसतंच. जीआयवर एकावर एक पत्रा ठेवून मारलं तर त्रास होतो. जस्त ९०७ डिग्रीला उकळतं आणि लोखंड वितळायला साधारण पंधराशे लागतात, म्हणजे लोखंड पातळ व्हायच्या आधीच मधल्या जस्ताची वाफ झालेली असते, तिला जायला वाट नसली की ती वितळलेला धातू उडवून बाहेर येते, मग स्पॅटर (उडालेले धातूचे थेंब) आणि आत पोकळ्या. दोन पत्र्यांत एक-दोन दशांश मिलीमीटरची मुद्दाम जागा ठेवली तर वाफ बाजूने निघून जाते. नाहीतर कडेवरचं जस्त घासून टाका. आणि तो पांढरा धूर छातीत जाऊ देऊ नका, फ्यूम एक्स्ट्रॅक्टर लागतोच. एसएसला, म्हणजे स्टेनलेसला, तर जास्तच, त्याच्या धुरात क्रोमियम असतो, घातक प्रकारचा.

गॉगलवर नुसतं 'लेझर सेफ्टी' लिहिलेलं असून भागत नाही, ९०० ते ११०० नॅनोमीटरला ओडी (काच किती प्रकाश अडवते त्याचं माप) ७ च्या वर असं काचेवर छापलेलं पाहिजे, सोबत ईएन २०७ चं (लेझर गॉगलच्या युरोपियन मानकाचं) मार्किंग. ओडी ७ म्हणजे कोटीत एक भाग आत जातो. मशीनसोबत फुकट आलेल्या गॉगलवर काहीच छापलेलं नव्हतं, ते मी कटरने कापून फेकले, नुसते फेकले असते तर कुणीतरी उचलून वापरले असते.

*

प्रकाशकिरण:

धाग्यासाठी मनापासून धन्यवाद. मी जर्मनीत लेझर वेल्डिंगच्या लाइन बसवणाऱ्या कंपनीत आहे, गेली अकरा वर्षं हेच काम, त्यामुळे राहवत नाही म्हणून थोडं 'का' बद्दल लिहितो.

पत्राकाम यांच्या मशीनचंच गणित करू. १५०० वॅट म्हणजे घरातल्या एका गीझरएवढी पॉवर, त्यात भिण्यासारखं काही वाटत नाही. पण ती ०.१५ मिमी व्यासाच्या ठिपक्यात आली की चौरस सेंटीमीटरला साधारण ८५ लाख वॅट होतात. धातूला दहा लाखांच्या आसपास नुसतं वितळणं संपतं आणि उकळणं सुरू होतं, त्या वाफेचा धक्का खाली बसतो आणि वितळलेल्या धातूत एक बारीक उभं भोक तयार होतं, त्याला कीहोल म्हणतात. प्रकाश त्या भोकात शिरला की भिंतींवर आपटत आपटत खाली जातो आणि प्रत्येक आपटण्यात थोडा थोडा शोषला जातो. म्हणून जो चकचकीत पत्रा सुरुवातीला बराचसा प्रकाश परत फेकत होता तोच पुढच्या क्षणी बहुतेक सगळा गिळतो. वेल्ड अरुंद आणि खोल का येतो, पत्रा का वाकत नाही, त्याचं उत्तर हे भोक आहे. वॉबल जास्त रुंद केला की ही ताकद पसरते आणि वेल्ड उथळ होतो, तेव्हा रुंदी वाढवताना पेनेट्रेशन (वेल्ड किती खोल उतरला ते) कापून बघत जा.

आता एक गोष्ट जी मला फार जवळची वाटते. जगातला पहिला लेझर थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० ला कॅलिफोर्नियात मॅलिबूच्या ह्यूज रिसर्च लॅबोरेटरीजमध्ये चालवला, माणकाचा. पण कारखान्यात कापायला-जोडायला पुढं कित्येक दशकं ज्याने राज्य केलं तो कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. जन्म १९३८, बारामती. १९५८ ला पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजमधून बीई, म्हणजे आपलं सीओईपी. माझंही कॉलेज तेच. चार वर्षं तिथं काढली आणि हे नाव मला पहिल्यांदा श्टुटगार्टला एका जर्मन सहकाऱ्याने सांगितलं, याची खंत अजून आहे.

त्या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, ती साध्या काचतंतूतून जात नाही, आरशांनी वळवत न्यावी लागते. म्हणून तेव्हाची मशीनं खोलीएवढी आणि जॉब किरणाकडे न्यायचा. यटर्बियमवाल्या फायबर लेझरचा प्रकाश एक मायक्रॉनच्या आसपासचा, तो काचेच्या तंतूतून दहा मीटर लांब सहज जातो, म्हणून आज किरण जॉबकडे नेता येतो आणि गन हातात आली. पण काचेतून जातो याचाच दुसरा अर्थ असा की तो डोळ्याच्या भिंगातूनही जातो. त्याबद्दल कुणी डॉक्टर लिहितील तर बरं.

*

दृष्टी:

लिहिते. मी नेत्रतज्ज्ञ आहे, रेटिना, म्हणजे डोळ्याचा आतला पडदा, बघते.

वेल्डिंग करणाऱ्यांचे दोन प्रकारचे डोळे माझ्याकडे येतात आणि लोक त्या दोन्हीत गल्लत करतात. पहिला आपला नेहमीचा 'आर्क लागला'. संध्याकाळी घरी गेल्यावर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही, मग बायको बटाट्याच्या चकत्या ठेवते. तो अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजलेला असतो, दुखतं भयंकर पण एक-दोन दिवसांत नवा पापुद्रा येतो आणि माणूस बरा होतो. पिढ्यान्‌पिढ्या वेल्डर मंडळींचा अनुभव हा आहे, की डोळ्याला लागलं तर दुखतं आणि दुखलं तर बरं होतं.

लेझरच्या बाबतीत हा अनुभव उलटा पडतो. ४०० ते १४०० नॅनोमीटरमधला प्रकाश बुबुळ आणि भिंग दोन्ही पार करून जातो आणि भिंग आपलं काम करतं, म्हणजे तो पडद्यावर एका बिंदूत गोळा करतं, तीव्रता साधारण लाखपट होते. किरण दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही. पडद्याला वेदना कळवणाऱ्या नसा नाहीत म्हणून दुखत नाही. आणि पडद्याच्या मधोमध, ज्याला मॅक्युला म्हणतो, तिथं भाजलं तर ते परत उगवत नाही. माणूस येतो तो 'काल दुपारपासून समोरच्याचं नाक दिसत नाहीये' असं म्हणत, कडेचं सगळं दिसत असतं. माझ्याकडे आलेला पोरगा बावीस वर्षांचा होता आणि गन त्याच्या हातात नव्हतीच, तो शेजारच्या टेबलावर पत्रा पुसत होता, चकचकीत पत्र्यावरून किरण परावर्तित होऊन गेला होता. मी त्याला ड्रॉप्स लिहून दिले नाहीत कारण देण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हा गॉगल एकाला नाही, त्या खोलीतल्या प्रत्येकाला. कृपा करा.

*

अंबडकर:

ताई, वाचून सुन्न झालो. आमच्या शेडमध्ये शिफ्टला एकवीस माणसं असतात, सगळं मोकळं. मी तर मशीन मधोमध ठेवणार होतो, सगळ्यांना सोयीचं पडेल म्हणून.

*

पत्राकाम_भोसरी:

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून शेडमध्ये लावतोय, चालेल ना?

अंबडकर साहेब, मधोमध अजिबात नको. मी बारा बाय दहाची वेगळी खोली केली, चारी बाजूंनी आणि वरून सीआरसीए पत्रा, आतून मॅट काळा रंग. आर्क वेल्डिंगचे ते लाल पारदर्शक पडदे लावू नका, ते या किरणासाठी नाहीत. दाराला लिमिट स्विच लावून मशीनच्या इंटरलॉकला जोडला, दार उघडलं की किरण बंद. बाहेर लाल दिवा. आत दोनच माणसं आणि दोघांनाही गॉगल. क्लॅम्प जॉबलाच, नोझलला बांधलेला दिसला तर त्या दिवशी मशीन बंद. सगळं मिळून माझे पन्नास हजारांच्या आतबाहेर गेले.

*

दृष्टी:

जरूर लावा. मोठ्या अक्षरात लावा.

*

रेवा_चाकण:

मी बॅटरी पॅकच्या लाइनवर प्रोसेस इंजिनीअर आहे. आमच्याकडे गन नाही, गॅल्व्हो स्कॅनर आहे, म्हणजे दोन छोटे आरसे हलवून किरण हवा तिथं टाकतात, आणि सगळं बंद केबिनमध्ये, त्यामुळे डोळ्यांचा प्रश्न मेंटेनन्सच्या वेळीच येतो. आमचं दुखणं वेगळंय, तांबं.

एक मायक्रॉनच्या प्रकाशाला थंड तांबं जवळजवळ ९५ टक्के परत फेकतं. पॉवर वाढवत नेली की बराच वेळ काहीच होत नाही आणि एकदा वितळलं की एकदम सगळं शोषायला लागतं आणि थेट आरपार. म्हणून आता ४५० नॅनोमीटरचे निळे आणि ५१५ चे हिरवे लेझर आलेत, तांबं निळा प्रकाश निम्म्याहून जास्त घेतं. दुसरा उपाय म्हणजे मधोमध बारीक किरण आणि भोवती त्याच प्रकाशाची रिंग, रिंग कीहोलचं तोंड उघडं धरते त्यामुळे स्पॅटर खूप कमी होतो.

आणि तांबं-ॲल्युमिनियम जोडायचं असेल तर आणखी जपावं लागतं, दोन्ही एकमेकांत जास्त मिसळले की ठिसूळ संयुगं तयार होतात, वरून वेल्ड सुरेख दिसतो पण रेझिस्टन्स वाढलेला असतो आणि गाडी खड्ड्यांतून गेली की तडा. पॅकमध्ये असे शेकडो जोड असतात. एक गरम झाला तरी तो शेजारच्या सेलला तापवतो. दंडगोल सेलच्या बुडाचा पत्रा मिलीमीटरच्या पाव-तिसऱ्या भागाएवढा, त्यात किरण थोडा खोल गेला की सेलला भोक. त्यामुळे मला वेल्ड दिसायला कसा आहे यावर अजिबात विश्वास नाही, रोज शिफ्टच्या सुरुवातीला नमुने कापून, घासून, मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय मी लाइन सुरू करू देत नाही. प्रॉडक्शनवाल्यांशी रोज भांडण होतं, होऊ दे.

*

इंदुरी_मराठी:

रेवाताई, +१. कापून बघण्याला पर्याय नाही.

आमच्या गावचं सांगायला हवं. इथल्या राजा रामण्णा सेंटरमध्ये (लेझर आणि ॲक्सिलरेटरची सरकारी संशोधन संस्था), म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत 'कॅट'मध्ये, नायोबियमच्या ॲक्सिलरेटर कॅव्हिटी (कणांना वेग देणाऱ्या यंत्रातले पोकळ डबे) लेझरने जोडायची पद्धत विकसित केली गेली. जगभर त्या इलेक्ट्रॉन बीमने जोडतात आणि त्याला भलामोठा व्हॅक्यूम चेंबर लागतो, लेझरला तो लागत नाही, शुद्ध वायूच्या आवरणात काम होतं. नायोबियम असा धातू की गरम असताना हवेचा थोडा संपर्क आला तरी सगळं वाया. हे इंदूरला झालंय हे लोकांना माहीत नसतं म्हणून लिहिलं.

*

डाग_देणारा:

मी हुपरीजवळचा, आमचं चांदीचं काम. वाचतोय सगळं. आमच्याकडे लेझर म्हणजे टेबलावरची पेटी, दोन भोकांतून हात आत घालायचे, मायक्रोस्कोपमधून बघायचं आणि पायाने पेडल. हा सलग नाही, एकेक ठोका देणारा, काही मिलीसेकंदांचा. सोन्यात याने मोठं काम केलंय, पूर्वी केडीएमच्या नावाखाली कॅडमियमचा डाग (जोडायला वितळवून लावायचा मिश्रधातू) द्यायचे, त्या धुराने कारागिरांची फुप्फुसं गेलीत, आमच्या नात्यातही आहेत. लेझरला डागच लागत नाही, सोन्याला सोनंच जोडतं, आणि खडा शेजारी असला तरी तापत नाही.

चांदीत मात्र हैराण झालो. ठोका बसतो पण जोड धरत नाही. प्रकाशकिरण दादा, का?

*

प्रकाशकिरण:

चांदी दोन्ही बाजूंनी अवघड. प्रकाश परत फेकण्यात ती तांब्याच्याही वर आणि उष्णता वाहून नेण्यात सगळ्या धातूंत पहिली. तुम्ही एका जागी दिलेली उष्णता ती क्षणात सगळ्या पैंजणात पसरवते. ठोका लांब करण्यापेक्षा तीव्र करा, ठिपक्याचा व्यास कमी करा. आणि एक सोपा उपाय, जोडाच्या जागी काळ्या मार्करने रेघ मारा, पहिला ठोका शोषला जायला तेवढं पुष्कळ असतं, एकदा वितळलं की पुढचे ठोके धरतात.

*

डाग_देणारा:

मार्करने धरलं!! सातापैकी पाच जोड पहिल्या फटक्यात. लई उपकार झाले दादा.

*

आर्गन_सत्तावीस:

सत्तावीस वर्षं आर्गन मारतोय, डेअरीच्या टाक्या, पाइपिंग. एकच विचारायचंय मालकांना. दोन दिवसांत शिकलेलं पोरगं माझ्याएवढी लांबी पाचपट वेगात टाकणार असेल तर आमचं काय? आणि डेअरीला हे चालतं का, ते पण सांगा, कारण मी दुधाच्या टाकीत आतून शिवण बघितल्याशिवाय सही करत नाही.

*

पत्राकाम_भोसरी:

दादा, दुसऱ्याचं आधी सांगतो. डेअरीला शिवण आतपर्यंत पूर्ण उतरलेली पाहिजे, मागून आर्गन सोडून मागची बाजू पांढरी राहिली पाहिजे, हे नियम लेझरलाही तेच. वरून सुंदर आणि खाली न जुळलेली फट राहिली तर त्यात दूध अडकणार आणि नासणार. गन हातात असली की वेग जास्त म्हणून पोरं पळवतात आणि नेमकं हेच होतं. तुमच्यासारखा माणूस आतून टॉर्च मारून बघणारा नसेल तर मी स्वतः डेअरीचं काम या गनवर घेणार नाही.

पहिल्या प्रश्नाचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. आमच्याकडे आर्गनचे दोघे होते. एक काका अजून आहेत, पगार वाढवलाय, कारण पत्रा जुळवणं, टॅक मारणं (आधी टिपके मारून पत्रे धरून ठेवणं), फट किती चालेल ते बोटाने ओळखणं हे सगळं तेच करतात, आणि पाइपचे वळणाचे जोड, जाड फ्लँज, रिपेअरिंग अजून आर्गनवरच होतं. गनसुद्धा सगळ्यात चांगली तेच चालवतात, मीटर बघत नाहीत, आवाजावरून सांगतात, सलग सूं आवाज आला तर बरोबर, चरचरलं की नोझलची काच खराब झाली नाहीतर फोकस हलला. दुसऱ्या माणसाने मात्र सहा महिन्यांत काम सोडलं, गॉगल घालून बंद खोलीत त्याला गुदमरायला व्हायचं. त्याला मी नीट वेळ दिला नाही असं मला वाटतं.

*

आर्गन_सत्तावीस:

खरं बोललात. आवाजाचं आर्गनला पण तसंच असतं.

*

पत्राकाम_भोसरी:

एक राहिलं, पावसाळ्याचं, कोकण-मुंबईवाल्यांनी तर लक्षात ठेवाच. चिलरचं पाणी फार थंड ठेवलं तर दमट हवेत गनच्या आतल्या भिंगावर दव धरतं, जसं गार बाटलीला बाहेरून पाणी सुटतं तसं, आणि त्यावर किरण पडला की भिंग जळतं. जुलैमध्ये माझं एक गेलं. आता पावसात पाण्याचं तापमान दवबिंदूच्या वर राहील असं ठेवतो, अठ्ठावीस-एकोणतीस, आणि सकाळी आल्या आल्या गन चालवत नाही. पुढची संरक्षक काच स्वस्त असते, डाग दिसला की बदला, पुसून वापरू नका.

*

अंबडकर:

साहेब, मशीनची ऑर्डर दोन महिने पुढं ढकलली. आधी खोली बांधतोय. शनिवारी भोसरीला आलो तर चालेल का? आमचे सीआरसीए आणि जीआयचे तुकडे घेऊन येतो, तुमच्या गनवर मारून कापून बघू.

*

पत्राकाम_भोसरी:

या की. अकराच्या पुढं या, त्याआधी गन गरम होत असते. तुकडे मुद्दाम साफ करून आणू नका, तुमच्या शिअरिंगवरून येतात तसेच बरसकट आणा, म्हणजे खरं काय होतं ते दिसेल. आणि जो माणूस पुढं ती गन चालवणार आहे त्याला सोबत आणा. गॉगल चार आहेत माझ्याकडे, कमी पडायचे नाहीत.